यातेंगात कोणी काय सोडलं

१९६२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या अप्पर व्होल्टा या देशाच्या उत्तरेला, यातेंगा भागात, माती सरकवणारी अवजड यंत्रं उतरली. युरोपच्या पैशावर चालणारा मृदसंधारणाचा तो प्रकल्प, नाव गेरेस. जेमतेम अडीच कोरड्या हंगामांत त्याने १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध घातले. शेत कोणाचं, वरच्या उतारावरून खाली येणारं पाणी कोणाच्या ज्वारीला मिळतं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. ते पाणी बांधांनी अडवून भलतीकडे वळवलं आणि शेतकरी नाराज झाले. १९६५ मध्ये यंत्रं परत गेली. बांध आपले आहेत असं कोणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे डागडुजी झाली नाही. पावसाळ्यामागून पावसाळे आले आणि ते बांध वाहून गेले.

पुढे वीसेक वर्षांनी याच उतारांवर, याच लोकांनी, डोक्यावरून दगड वाहून हजारो हेक्टर जमीन बांधली आणि ती टिकवली. मधल्या काळात देशाचंही नाव बदललं होतं, १९८४ पासून तो बुर्किना फासो झाला. मी मराठवाड्यात पाणलोटाच्या कामात पंधरा वर्षं आहे आणि यातेंगाचं प्रकरण मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. त्याबद्दल बोलताना बहुतेकजण तंत्रावर थांबतात, दगड आणि खड्ड्यांवर. तंत्र महत्त्वाचं आहेच, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंही आहे. पण तिथे निरनिराळ्या प्रकारच्या तीन-चार संस्था आणि काही शेतकरी एकमेकांशेजारी वर्षानुवर्षं काम करू शकले. त्यासाठी प्रत्येकाने आपलं काहीतरी सोडलं. कोणी काय सोडलं, हेच मला इथे मांडायचं आहे.

जमीन आणि माणसं

यातेंगाचं मुख्य गाव वाहिगुया. वस्ती प्रामुख्याने मोसी लोकांची, भाषा मूरे. पाऊस वर्षाला ४०० ते ७०० मिलिमीटर, आणि तोही जून ते सप्टेंबर. उरलेले आठ महिने कोरडे. पिकं ज्वारी आणि बाजरी. देशातल्या सर्वांत दाट वस्तीच्या भागांत यातेंगा येतो. जमीन पडीक ठेवून तिला विसावा देण्याची जुनी पद्धत वाढत्या तोंडांपुढे मोडली. माती उघडी पडली आणि वरचा थर पाऊस-वाऱ्याने गेला. खाली सिमेंटसारखा पोपडा धरलेली टणक जमीन राहिली. मूरेमध्ये तिला 'झिपेले' म्हणतात, म्हणजे पांढरी पडलेली, उघडी जागा. तिच्यावर पाऊस पडला तरी आत मुरत नाही, कौलावरून घसरावा तसा निघून जातो.

१९६८ ते १९७३ साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात, दुष्काळ होता. त्यातली शेवटची वर्षं आपल्या बहात्तरच्या दुष्काळाचीच. इकडे सुकडी आणि खडी फोडायची कामं चालू होती, तेव्हा तिकडे गुरं मरत होती आणि तरणी पोरं दक्षिणेला कोत द'इव्होआर या शेजारच्या देशातल्या कोको-कॉफीच्या मळ्यांकडे निघाली होती. सुगी आटोपली की गावात म्हातारी माणसं, बायका आणि मुलं उरत. बीड-पाथर्डीकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेली बैलगाडी त्याने पाहिलेली असते.

शाळामास्तरांनी सोडलं ते

बर्नार लेदेआ वेद्राओगो मूळचे शिक्षक. १९६० च्या दशकात ते ग्रामीण तरुणांना शेतीचं शिक्षण देणाऱ्या सरकारी यंत्रणेत होते. शाळा सोडलेल्या मुलांचे गट करून त्यांना नवीन शेती शिकवायची, अशी ती योजना. गट कागदावर तयार व्हायचे, पण गावात रुजायचे नाहीत. थोरांना ही पोरं उपरी वाटायची. पोरांनाही गटात आपलं स्थान काय ते कळायचं नाही.

मोसी गावांत तरुणांची एक जुनी रचना होती, कोंबी-नाम. साधारण एका वयाचे तरुण-तरुणी एकत्र येत, आपल्यातून प्रमुख निवडत. गावच्या दरबारात जशी पदं असतात तशीच पदं या गटातही, पण ती जन्मावर नाही, गुणावर मिळायची. पावसाळ्यात गट मिळून लोकांच्या शेतात राबायचा आणि हंगामाअखेर मिळालेल्या कमाईतून मोठी मेजवानी व्हायची. आपल्याकडच्या इर्जिकीच्या आणि कोकणातल्या सावडीच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. फक्त इर्जिक एका दिवसात आटोपते, कोंबी-नाम हंगामभर चालायचा, आणि त्यातून तरुणांना कारभार शिकायला मिळायचा.

वेद्राओगोंनी आपली सरकारी चौकट बाजूला ठेवली आणि या जुन्या गटाला धरलं. १९६७ मध्ये पहिले 'नाम' गट उभे राहिले. बदल मोठा नव्हता: कमाई सगळी मेजवानीत न घालवता त्यातला काही भाग गटाच्या पेटीत टाकायचा आणि त्यातून गावाला लागेल ते करायचं. मेजवानी मात्र ठेवली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बचत गट काढताना पहिलं वाक्य असतं की अनावश्यक खर्च बंद करा. वेद्राओगोंनी गाण्या-नाचण्याला अनावश्यक म्हटलं नाही. त्यांचं सूत्र होतं, विकास करा पण मोडतोड न करता. माणसं जिथे आहेत, जे जाणतात, जसं जगतात, तिथूनच सुरुवात.

१९७० च्या दशकात गट वाढत गेले. १९७८ मध्ये त्यांच्या संघांचा महासंघ झाला आणि पुढच्या दहा वर्षांत गटांची संख्या हजारांत गेली. बायकांचे गट सूत काढत, साबण करत, भाजीपाला पिकवत. माती, शेण आणि बाजरीचं भूस कालवून तीन दगडांच्या चुलीभोवती आडोसा लिंपण्याचं काम गावोगाव पसरलं. पैसा न लागता सरपण कमी लागू लागलं.

देणगीदारांनी सोडलं ते

गट झाले, पण कोरड्या आठ महिन्यांचं काय? हाताला काम नाही म्हणून तर पोरं दक्षिणेला जात होती. वेद्राओगो आणि फ्रेंच विकासतज्ज्ञ बर्नार लकोंत यांनी १९७६-७७ च्या सुमारास एक संस्था काढली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ, सव्हाना आणि साहेलमधल्या कोरड्या हंगामाचा उपयोग करून घेणं. त्या नावात 'एस'ने सुरू होणारे सहा शब्द आहेत, म्हणून ती सिक्स-एस. बुर्किना फासोबरोबर सेनेगल, माली, नायजर, टोगो अशा शेजारी देशांतल्या शेतकरी संघटनाही तिच्याशी जोडल्या गेल्या.

सिक्स-एसने स्वतः एकही विहीर खोदली नाही. ती पैसा आणि माहिती वाहून नेणारा पाट होती. लकोंत यांचा अनुभव असा होता की, मदत प्रकल्पाच्या साच्यात ओतली की ती कडक होते. तीन वर्षांपूर्वी कार्यालयात बसून ठरवलेलं काम, ठरवलेल्या गावात, ठरवलेल्या खर्चात करायचं, मग पाऊस पडो न पडो. म्हणून त्यांनी स्वित्झर्लंड, जर्मनी आणि इतर ठिकाणच्या देणगीदारांकडे एक अवघड मागणी केली: पैसा कोणत्या कामाला जाणार हे आधी विचारू नका. हा मोकळा निधी परिसरातल्या गटांच्या समितीकडे जाई. गट आपली गरज मांडत, समिती ठरवी, आणि वर्षाअखेर हिशेब सगळ्यांपुढे ठेवला जाई. काही रक्कम अनुदान, काही कर्ज. कर्ज फिटलं की ते परिसराच्याच पेटीत राहायचं. अट एकच, गट आधीपासून स्वतःच्या पायावर उभा हवा, त्याची स्वतःची बचत हवी. पैसा मिळतोय म्हणून गट जमवला, असं इथे चालणार नव्हतं.

देणगीदाराने सोडलेली ही गोष्ट मला सगळ्यांत कठीण वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात ग्रामसभा घेतली होती. बायकांनी एकमुखाने पिण्याच्या पाण्याची टाकी मागितली. निधी मात्र बांधबंदिस्तीच्या शीर्षाखाली आला होता आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा होता. आम्ही बांध घातले. बांध चांगले होते, पण त्या गावात आमच्या पुढच्या सभेला बायका आल्या नाहीत.

सिक्स-एसची दुसरी पद्धत शिकण्याची. एखाद्या गटाला दगडी बांध किंवा विहीर बांधणं चांगलं जमलं की तेच काम दुसऱ्या गटाला शिकवायची शाळा व्हायची. शिकवणारे शेतकरीच असायचे, कोरड्या हंगामात गावोगाव फिरायचे, आणि त्यांना मोबदला मिळायचा. ज्या महिन्यांत कोत द'इव्होआरला जायचं, त्याच महिन्यांत काहीजण शेजारच्या गावात गुरुजी म्हणून जाऊ लागले.

ऑक्सफॅमने सोडलं ते

१९७९ मध्ये ऑक्सफॅम या ब्रिटिश मदत संस्थेने यातेंगात कृषी-वानिकी प्रकल्प सुरू केला. कल्पना झाडं लावण्याची होती. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात लहान लहान पाणलोटी खाचरं करून झाडं जगवतात, तसं इथे करून बघायचं. झाडं लागली, पण शेतकऱ्यांचा जीव त्यात नव्हता. उन्हाळ्यात रोपांना पाणी कोण घालणार, आणि मोकाट शेळ्यांपासून ती कोण राखणार? काही शेतकऱ्यांनी मात्र वेगळंच केलं. झाडासाठी केलेल्या खाचरात पाणी थांबतं हे बघून त्यांनी तिथे ज्वारी पेरली.

प्रकल्पाच्या लोकांना यात अपयश दिसू शकलं असतं. मंजूर आराखड्यात झाडं होती, ज्वारी नव्हती. पण बिल हेरफर्ड, पीटर राइट, आणि पुढे प्रकल्पाची धुरा सांभाळणारे मात्यू वेद्राओगो, यांनी शेतकऱ्यांचा इशारा ओळखला. झाडं मागे ठेवली आणि अन्नधान्याच्या शेतात पाणी कसं थोपवायचं याकडे वळले. मग कळलं की इथले लोक पूर्वीपासून शेतात दगडांच्या ओळी मांडतच होते. त्यांची अडचण एकच होती: यातेंगाचा उतार इतका सपाट, एक-दोन टक्क्यांचा, की डोळ्यांना दिसतच नाही. दगड समतल रेषेवर लागले नाहीत तर पाणी खोलगट जागेकडे जमा होऊन ओळ तिथेच फुटते.

उपाय होता पाण्याची नळी. दहा-पंधरा मीटरची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तिची दोन टोकं दोन काठ्यांना बांधलेली, काठ्यांवर खुणा. नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. एकजण काठी घेऊन जागेवर उभा, दुसरा पुढे सरकतो. दोन्ही टोकांतलं पाणी काठीवरच्या त्याच खुणेवर स्थिरावलं की दोघे एका पातळीवर आहेत. तिथे कुदळीने खूण करायची आणि पुढे जायचं. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, दोन दिवसांत कोणीही शिकतो. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात आता सर्रास दिसणारा हायड्रोमार्कर याच तत्त्वावर चालतो. तो पहिल्यांदा हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा मी अनेकदा पाहिला आहे. रोज पायाखालून जाणारी जमीन किती आणि कुठे कलती आहे, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसतं.

रेषा आखली की बोटभर खोल चर काढून त्यात दगड बसवायचे. मोठे दगड खालच्या अंगाला, लहान वरच्या बाजूला. उंची वीतभर, पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. दोन ओळींत १५ ते ३० मीटर अंतर. दगडी ओळीचं मर्म असं की ती पाणी अडवत नाही, हळू करते. पाणी दगडांच्या फटींतून पाझरत खाली जातं. जाताना काडीकचरा, शेणाचे कण आणि गाळ मागे ठेवतं. खालच्या शेताचं पाणी तुटत नाही, म्हणून भांडणही होत नाही. गेरेसच्या मातीच्या बांधांना जे जमलं नव्हतं ते यात आपसूक होतं. पहिल्याच हंगामात पीक साधारण चाळीस टक्क्यांनी वाढल्याच्या नोंदी आहेत.

आता तंत्र ऑक्सफॅमकडे, गावातली माणसं नाम गटांकडे, मोकळा पैसा आणि फिरते गुरुजी सिक्स-एसकडे, आणि सरकारचे विस्तार कर्मचारी प्रादेशिक विकास मंडळाकडे, अशी परिस्थिती होती. ऑक्सफॅमच्या प्रकल्पाने स्वतः गावोगाव बांध घालण्याचा हट्ट धरला नाही. प्रत्येक गावातून काही माणसं निवडून त्यांना नळी शिकवायची आणि परत पाठवायची, एवढंच केलं. कामाच्या बदल्यात धान्यही वाटलं नाही. १९८९ अखेर चारशेहून जास्त गावांत सुमारे ८,००० हेक्टर जमीन दगडी ओळींखाली आली होती. त्याबाहेर, दुसऱ्या संस्थांच्या आणि स्वतःच्या हिमतीवर झालेलं काम वेगळं.

याकुबांचा खड्डा

वाहिगुयाजवळच्या गुर्गा गावचे याकुबा सावादोगो बाजारात दुकान चालवायचे. १९८० च्या सुमारास ते शेतीकडे परतले. त्यांच्या वाट्याला झिपेलेच होती.

यातेंगात 'झाई' नावाची जुनी पद्धत होती. टणक जमिनीत छोटे खड्डे करून त्यात पेरायचं. पहाटे लवकर उठून जमीन तयार करायची, असा त्या शब्दामागचा अर्थ सांगतात. पद्धत मागे पडली होती, गरिबाने लहानशा तुकड्यावर करायची गोष्ट झाली होती. याकुबांनी तिच्यात दोन बदल केले. खड्डे मोठे केले, २० ते ३० सेंटीमीटर रुंद आणि १० ते २० सेंटीमीटर खोल. आणि पेरणीच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात, त्यात शेणखत टाकायला सुरुवात केली.

खताचा वास लागला की वाळवी येते. आपण वाळवीला शत्रू मानतो, इथे ती मजूर आहे. ती खत खाते आणि खड्ड्याच्या तळाशी बारीक बिळं करत जाते. महिनाभरात तो टणक तळ चाळणीसारखा होतो. उन्हाळी वारा पालापाचोळा आणून खड्ड्यात टाकतो. पहिला पाऊस आला की आजूबाजूच्या उघड्या जमिनीवरून घसरणारं पाणी खड्ड्यात शिरतं आणि वाळवीच्या बिळांतून खाली मुरतं. मध्ये दोन-तीन आठवड्यांची उघाड पडली तरी रोप तग धरतं. एका हेक्टरात असे दहा-पंधरा हजार खड्डे, काही ठिकाणी त्याहून जास्त. सगळे कुदळीने, तेही ऐन उन्हाळ्यात. कष्ट किती ते ज्याने मुरमात आळं केलंय त्याला कळेल. जिथे दाणा पिकत नव्हता तिथे कमी पावसातही हेक्टरी ३०० किलोच्या आसपास, आणि चांगल्या वर्षी १,५०० किलोपर्यंत धान्य येऊ लागलं.

शेणखताबरोबर झाडांच्या बियाही खड्ड्यात पडल्या आणि ज्वारीच्या जोडीने रोपं उगवली. याकुबांनी ती राखली. कापणीच्या वेळी ताटं मुळापासून न कापता गुडघाभर ठेवली, म्हणजे गुरांच्या तोंडातून रोपं वाचतील. लोक त्यांना वेडा म्हणाले, त्यांचं रान कोणी पेटवूनही दिलं. ते पुन्हा लावत राहिले. पुढे त्या उजाड जागेवर साठाहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचं जंगल उभं राहिलं.

त्यांनी आपलं गुपित सोडलं. १९८४ पासून ते शेतावर वर्षातून दोनदा झाईचा बाजार भरवू लागले. शंभरेक गावांतून शेतकरी यायचे. सोबत आपल्या खड्ड्यांत पिकलेल्या ज्वारी-बाजरीच्या वाणांचे नमुने आणायचे, एकमेकांचं बियाणं बघायचे, न्यायचे. १९९२ मध्ये दुसऱ्या एका शेतकऱ्याने झाईची शाळाच काढली. खडकाळ रस्त्याकडेच्या पडीक जागेवर सगळ्यांनी मिळून खड्डे करायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसू द्यायचं. एकातून दुसरी, अशा वीसहून जास्त शाळा झाल्या. कोणत्याही प्रकल्पाच्या आराखड्यात त्या नव्हत्या.

१९८९ मध्ये नायजरच्या इलेला भागातले तेरा शेतकरी यातेंगा बघायला आले. त्यांच्याकडेही 'तासा' नावाची अशीच विसरलेली पद्धत होती. परत जाऊन त्यांनी ती हाती घेतली. काही वर्षांत इलेलात एक नवलाची गोष्ट घडली. ज्या उजाड जमिनीकडे कोणी बघत नव्हतं, तिची खरेदी-विक्री सुरू झाली.

जे जुळलं नाही

हे सगळं सरळ रेषेत झालं असं दाखवलं तर ते खोटं होईल.

पहिली अडचण दगडांची. जवळचे दगड वर्ष-दोन वर्षांत संपले. मग दोन-तीन किलोमीटरवरून आणायचे, आणि ते बहुतेक बायकांच्या डोक्यावरून. ट्रक आला तेव्हा कामाला वेग आला, पण बांध घालण्याचा निर्णय ट्रक कधी येणार यावर अवलंबून राहू लागला. नळी शिकलेला माणूस स्वतंत्र असतो, ट्रकची वाट बघणारा नसतो. मोठ्या निधीचे प्रकल्प आले तशी ही ओढाताण वाढत गेली.

दुसरी गोष्ट शेणखताची. ज्याच्याकडे गुरं आणि गाडी त्याची झाई जोमदार. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने खड्डे खणायचे तरी दुसऱ्याच्या शेतात, मजुरीवर. विधवा आणि एकट्या बायका इथे सगळ्यांत मागे राहिल्या. बाईला मिळणारा तुकडा अनेकदा सर्वांत वाईट असायचा, आणि सुधारला की घरातला पुरुष परत मागायचा. नाम गटांनी बायकांना बरंच दिलं, पण जमिनीची मालकी बदलणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. ही उणीव तिथे ठळक आहे आणि आपल्याकडेही.

तिसरी धान्य बँकांची. सुगीत व्यापाऱ्याला स्वस्तात विकलेलं धान्य पावसाळ्यात दुप्पट भावाने घ्यावं लागतं, म्हणून गावाची सामाईक कणगी करायची. कल्पना शंभर नंबरी होती, आणि साहेलभर अशा बँका निघाल्या. बऱ्याच बंद पडल्या. उधार नेलेलं धान्य परत येईना, भाव बघून खरेदी-विक्री करण्याचं व्यापारी कसब गटाकडे नव्हतं, आणि दुष्काळात शेजाऱ्याला नाही कसं म्हणायचं? पेटीचा हिशेब आणि नातं यांच्यातला हा पेच गावच्या सोसायटीत बसलेल्या कोणत्याही माणसाला नवा नाही.

आणि चौथी सिक्स-एसचीच. १९८० च्या दशकात ती फार वेगाने वाढली आणि १९९० च्या दशकात तिचा जोर ओसरला. सोडण्याला वेळेची मर्यादा असते. देणगीदारांची एक पिढी 'विचारणार नाही' म्हणाली, पुढच्या पिढीला कामनिहाय हिशेब हवा होता. माझं मत असं की मोकळ्या निधीची कल्पना चुकीची नव्हती. गाव समित्यांच्या हिशेबाची पद्धत मात्र तितक्या वेगाने वाढवता आली नाही.

चाळीस वर्षांनंतर

बुर्किनाच्या मध्य पठारावर दगडी ओळी आणि झाई यांनी २ ते ३ लाख हेक्टर जमीन पुन्हा लागवडीखाली आली, असा अंदाज अभ्यासकांनी २००९ च्या सुमारास मांडला. काही गावांतल्या उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या विहिरींना बारमाही पाणी राहू लागलं आणि विहिरीशेजारी भाजीचे वाफे दिसू लागले. दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांतली काही कुटुंबं परतली. वेद्राओगोंना १९९० मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, याकुबांना २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो टोनी रिनौडो यांनाही मिळाला. नायजरमध्ये शेतातली जिवंत खुंटं राखून झाडं परत आणणारे ते ऑस्ट्रेलियन कार्यकर्ते.

सिक्स-एस ओसरली, पण नाम महासंघ आहे. वाहिगुयात त्यांचा 'शेतकऱ्यांचा आवाज' या अर्थाच्या नावाचा रेडिओ आहे. त्यांच्या बचत-कर्ज संस्थांच्या नावात 'बाओरे' हा शब्द आहे, मूरेत त्याचा अर्थ धान्याची कणगी. बँकेला कणगी म्हणणारे हे लोक साठ वर्षांपूर्वीच्या मेजवानीपासून फार लांब गेलेले नाहीत, हे वाचून मला बरं वाटलं.

याकुबांचं जंगल मात्र वाहिगुया शहराच्या वाढीत सापडलं. त्यांच्या हयातीतच जंगलाच्या जागेवर भूखंड पाडले गेले. ज्याने उजाड जमीन हिरवी केली त्याच्याकडे तिच्या मालकीचा पक्का कागद नव्हता. ते ३ डिसेंबर २०२३ रोजी गेले.

आणि गेल्या दहा वर्षांत त्या सगळ्या भागावर हिंसाचाराचं सावट आहे. २०२३ पर्यंत बुर्किना फासोत वीस लाखांहून जास्त माणसं आपल्याच देशात विस्थापित झाली. वाहिगुयाच्या आसपास कितीतरी गावं रिकामी झाली, माणसं शहरात आश्रयाला आली. शेतातल्या दगडी ओळी बरीच वर्षं टिकतात, त्यांना फारशी डागडुजी लागत नाही. झाईचं तसं नाही. खड्डा दोनेक हंगाम टिकतो, मग शेजारी नवा खणावा लागतो, खत घालावं लागतं. सोडून आलेल्या शेतांतले ते खड्डे आता गाळाने भरत असतील. ते पुन्हा खणायचे तर कसे, हे हजारो हातांना माहीत आहे.